१.३५२ व्होल्ट म्हणजे नेमके कुठले?

बायोसमध्ये प्रोसेसरच्या कोअरचे व्होल्टेज १.३५० भरले. विंडोज सुरू झाल्यावर एका प्रोग्राममध्ये १.३४४ दिसते, दुसऱ्यात १.४१२, आणि रेंडरिंग लावले की पहिल्याच प्रोग्राममधला आकडा घसरत घसरत १.२१६ वर येऊन थांबतो. ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे प्रोसेसर नेमलेल्या वेगाच्या वर चालवण्याला, नव्याने हात घालणारा माणूस इथे हमखास दोनपैकी एक निष्कर्ष काढतो: मदरबोर्ड खराब आहे, किंवा सॉफ्टवेअर खोटे बोलते आहे. बहुतेक वेळा दोन्ही चूक. चारही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात. पहिला हुकमाचा आहे, दुसरा रिकाम्या वेळी मोजलेला, तिसरा प्रोसेसरच्या मागणीचा आणि चौथा काम चालू असतानाचा.

व्होल्टेजचे कुठलेही रीडिंग पाहिले की तीन गोष्टी विचाराव्यात असे मला वाटते. हा आकडा सांगितला कोणी, तो मोजला कुठे, आणि त्या क्षणी किती अँपिअर वाहत होते? तिसरा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो, आणि चिपा जळतात त्या बहुधा त्याच्याच उत्तराअभावी.

मागणीपासून सुरुवात करू. प्रत्येक प्रोसेसर कारखान्यातून बाहेर पडताना स्वतःची एक सारणी घेऊन येतो: अमुक गिगाहर्ट्झला अमुक व्होल्ट हवेत. ही सारणी त्या एकट्या चिपची. एकाच वेफरवर शेजारी शेजारी कोरलेल्या दोन चिपांनाही त्याच वेगासाठी वेगळे व्होल्टेज लागू शकते. या सारणीतून, तापमानाचा आणि चालू वेगाचा हिशेब करून, प्रोसेसर जी मागणी नोंदवतो ती व्हीआयडी. पूर्वी ही मागणी प्रोसेसरच्या काही पिनांवर शून्य-एकच्या रूपात मांडलेली असे. इंटेलने २०११ च्या सँडी ब्रिजपासून डेस्कटॉपवर त्यासाठी तीन तारांची सिरियल वाट आणली, एसव्हीआयडी: एक तार क्लॉकची, एक डेटाची, एक इशाऱ्याची. एएमडीची तशीच वाट म्हणजे एसव्हीआय२, आणि एएम५ सॉकेटवर एसव्हीआय३.

व्हीआयडी ही मोजणी नव्हे, हे लक्षात राहिले तरी अर्धा गोंधळ संपतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये हा आकडा एका रजिस्टरमध्ये एका व्होल्टच्या ८१९२ व्या भागाच्या एककात लिहिलेला असतो. त्यामुळे स्क्रीनवर तो तीन-चार दशांश स्थळांपर्यंत अगदी रेखीव दिसतो, आणि रेखीव आकड्यावर माणसाचा चटकन विश्वास बसतो. पण त्यामागे एकही सेन्सर नाही. शिवाय प्रत्येक कोअरची व्हीआयडी निराळी दिसते आणि इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांत सगळ्या कोअरना एकच वीजवाहिनी असते. ज्या कोअरची मागणी सर्वांत जास्त, तिचे व्होल्टेज सगळ्यांना मिळते. आठ कोअरच्या आठ व्हीआयडींची सरासरी काढत बसण्यात म्हणून काही अर्थ नाही.

बायोसमध्ये व्होल्टेज ‘फिक्स्ड’ किंवा ‘ओव्हरराइड’ ठेवले की मदरबोर्ड सहसा ही मागणी बाजूला ठेवतो आणि आपण भरलेला आकडा पुरवतो. प्रोसेसर मात्र मागणी नोंदवतच राहतो. सुरुवातीचे १.४१२ ते हेच. प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये ‘कोअर व्हीआयडी’ असे लेबल असेल तर समोर मागणी आहे, ‘कोअर व्होल्टेज’ असेल तर बहुधा बोर्डाच्या सेन्सरचा आकडा. लेबल वाचायला दोन सेकंद लागतात, पण स्क्रीनशॉट पाठवून घाबरलेले प्रश्न विचारणारे ते क्वचितच वाचतात.

आता मोजणीकडे. मदरबोर्डवर सुपर आयओ नावाची एक छोटी चिप असते. पंख्यांचे फेरे, तापमाने आणि काही व्होल्टेज हीच पाहते. ती बहुधा न्यूव्होटॉन किंवा आयटीई या कंपन्यांची. न्यूव्होटॉनच्या प्रचलित चिपांमधला अ‍ॅनालॉग-डिजिटल कन्व्हर्टर आठ बिटांचा असतो: शून्य ते २.०४८ व्होल्ट, २५६ पायऱ्या, म्हणजे दर पायरीला ८ मिलीव्होल्ट. रीडिंग १.३४४ वरून १.३५२ वर आणि तिथून १.३६० वर उडी मारते ते याच कारणाने. मधला १.३४७ त्या चिपला दाखवताच येत नाही. आयटीईच्या चिपांची पायरी सहसा याहून थोडी मोठी. बायोसमध्ये ५ मिलीव्होल्टने व्होल्टेज वाढवावे आणि आकडा ढिम्म हलू नये, पुन्हा ५ ने वाढवावे आणि तो एकदम ८ ने सरकावा, यात बिघाड काही नाही.

१२ व्होल्टच्या वाहिनीवर ही पायरी आणखी मोठी होते. २.०४८ च्या वरचे व्होल्टेज त्या चिपला थेट पाहता येत नाही, म्हणून दोन रेझिस्टर लावून ते आधी विभागतात आणि सॉफ्टवेअर परत गुणून दाखवते. गुणक १२ असलेल्या बोर्डावर एक पायरी ९६ मिलीव्होल्टची. तिथे ११.९०४, १२.०००, १२.०९६ असेच आकडे दिसणार. १२.००० चे ११.९०४ झाले म्हणून पॉवर सप्लाय बदलायला निघालेला माणूस प्रत्यक्षात कन्व्हर्टरची एकच पायरी पाहत असतो. पॉवर सप्लायच्या एटीएक्स प्रमाणात, ३.० आवृत्तीच्या आधीपर्यंत, या वाहिनीला ५ टक्के सूट होती, ११.४ ते १२.६. आणि सॉफ्टवेअरला त्या बोर्डाचा गुणक चुकीचा माहीत असेल तर आकडा ९ किंवा १४ सुद्धा येईल. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स वापरणाऱ्यांना हे नेहमीचे: ड्रायव्हर कच्चा आकडा देतो, गुणक कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये आपण लिहायचा.

आणखी एक खोड. सुपर आयओची रजिस्टरे बँकांमध्ये वाटलेली असतात. आधी बँक निवडायची, मग पत्ता द्यायचा, मग आकडा वाचायचा. दोन मॉनिटरिंग प्रोग्राम एकाच वेळी चालू असले आणि त्यांच्यात आपसात पाळी ठरलेली नसली, तर एकाने बँक निवडावी आणि दुसऱ्याने मध्येच ती बदलावी असे होते. मग ‘कमाल’ च्या रकान्यात २.०४० व्होल्ट किंवा ‘किमान’ च्या रकान्यात शून्य उमटते आणि पाहणाऱ्याचा थरकाप होतो. प्रोसेसरला खरेच दोन व्होल्ट मिळाले असते तर तो आकडा वाचायला तो बहुधा शिल्लक नसता. मॉनिटरिंगचा एकच प्रोग्राम चालू ठेवावा. बोर्डासोबत आलेले रंगीत दिव्यांचे आणि पंख्यांचे सॉफ्टवेअरही यात मोजावे, कारण तेही त्याच चिपशी बोलत असते.

मोजले कुठे, हा प्रश्न मात्र जास्त गहन आहे. व्हीआरएम, म्हणजे मदरबोर्डवरचा व्होल्टेज रेग्युलेटर, १२ व्होल्ट घेऊन सव्वा व्होल्टच्या आसपास उतरवतो. तिथून वीज तांब्याच्या पट्ट्यांतून सॉकेटपर्यंत, सॉकेटच्या पिनांतून प्रोसेसरच्या पॅकेजमध्ये आणि तिथून सिलिकॉनपर्यंत जाते. या वाटेला रोध अगदी क्षुल्लक, पण प्रवाह प्रचंड. सॉकेट ते सिलिकॉन हा रोध ०.३ मिलीओहम धरला तर १६० अँपिअरला ४८ मिलीव्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. सुपर आयओ सॉकेटच्या मागच्या बाजूला मोजत असेल तर तिला १.२६४ दिसेल आणि कोअरना प्रत्यक्षात १.२१६ च मिळत असतील. परतीची वाटही विसरू नये. ग्राउंडमधूनही तेवढाच प्रवाह परत येतो, म्हणून सिलिकॉनजवळचा ग्राउंड बोर्डावरच्या ग्राउंडपेक्षा थोडा वर उचललेला असतो. एकाच तारेने बोर्डाच्या ग्राउंडच्या तुलनेत मोजणाऱ्या सेन्सरला हे कळतच नाही.

यावर उपाय म्हणजे डाय सेन्स, खुद्द सिलिकॉनच्या तुकड्याजवळची (डायजवळची) मोजणी. प्रोसेसरच्या पॅकेजमधून दोन संवेदन-तारा बाहेर आणलेल्या असतात, एक कोअरच्या व्होल्टेजची आणि एक तिथल्याच ग्राउंडची. व्हीआरएमचा कंट्रोलर नियंत्रणासाठी त्यांच्याकडेच पाहतो. काही बोर्डांवर सुपर आयओलाही हाच संकेत जोडलेला असतो, काहींच्या बायोसमध्ये सॉकेट सेन्स की डाय सेन्स अशी निवड असते. एचडब्ल्यूइन्फो या मॉनिटरिंग प्रोग्राममध्ये व्हीआरएम कंट्रोलरचा वेगळा गट दिसत असेल आणि त्यात ‘व्हीआर व्हीआऊट’ अशी ओळ असेल, तर सुपर आयओचा ‘व्हीकोअर’ सोडून तीच वाचावी. दोन वेगळ्या बोर्डांवरच्या लोकांनी ‘लोडला १.२५ लागते’ म्हणून आकड्यांची देवाणघेवाण करण्याआधी कोणाचे सेन्सर कुठे आहे ते विचारून घ्यावे. सॉकेट सेन्सवर १.२५ पाहणारा माणूस डाय सेन्सवर १.२५ ठेवणाऱ्यापेक्षा कोअरना चाळीस-पन्नास मिलीव्होल्ट कमी देत असतो, आणि दोघेही आपल्या चिपा सारख्याच आहेत असे समजत असतात.

आता लोडलाइन. ओव्हरक्लॉकिंगमध्ये एवढी बदनाम झालेली दुसरी गोष्ट नसेल. काम वाढले की व्होल्टेज खाली येते, त्याला व्हीड्रूप म्हणतात, आणि पाहणाऱ्याला तो व्हीआरएमचा अशक्तपणा वाटतो. प्रत्यक्षात तो हेतुपुरस्सर केलेला उतार आहे, आणि त्या उतारालाच लोडलाइन म्हणतात. इंटेलच्या १२ व्या ते १४ व्या पिढीतल्या वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी हा उतार १.१ मिलीओहमचा. गणित सोपे: बायोसमध्ये १.३५०, प्रवाह १६० अँपिअर, उतार १.१ मिलीओहम, म्हणजे १७६ मिलीव्होल्टची घट आणि कोअरना १.१७४. उतार निम्मा केला, ०.५५, तर घट ८८ आणि व्होल्टेज १.२६२. जवळजवळ सपाट केला, ०.१, तर १.३३४. बायोसमधला हुकूम तिन्ही वेळा तोच १.३५० आहे. म्हणून ‘मी १.३५ वर चालवतो’ या वाक्याला लोडलाइनची सेटिंग सांगितल्याशिवाय काही अर्थ नसतो.

उतार मुद्दाम का ठेवायचा? गच्चीवरच्या टाकीचे सगळे नळ एकदम बंद केले की नळी दणका देते, तसे काहीसे इथे घडते. व्हीआरएमचे स्विचिंग ५०० किलोहर्ट्झला होत असेल तर एक फेरी २ मायक्रोसेकंदांची, आणि इंडक्टरमधला प्रवाह क्षणात बदलत नाही. १६० अँपिअर खाणारे काम अचानक संपले की इंडक्टरमध्ये वाहत असलेला प्रवाह कपॅसिटरमध्ये ओतला जातो आणि व्होल्टेज वर उसळते. उतार असेल तर लोडवरचे व्होल्टेज आधीच खाली असते; उसळी तिथून निघते आणि रिकाम्या वेळच्या पातळीच्या आसपास विरते. लोडलाइन सपाट केली की तीच उसळी वरच्या पातळीपासून निघते आणि हुकमाच्या आकड्याच्या पार वर जाते. एचडब्ल्यूइन्फो मूळ सेटिंगमध्ये दर दोन सेकंदांनी एकदा पाहते. काही मायक्रोसेकंदांची उसळी तिला दिसणे निव्वळ नशीब.

उलट दिशेलाही हेच. समजा लोडवर १.२५ हवेत. एक वाट: उतार ०.५५ ठेवून बायोसमध्ये १.३३८ भरणे. दुसरी वाट: लोडलाइन जवळपास सपाट करून १.२५ च्या किंचित वर भरणे. मीटरवर दोन्हीकडे लोडला १.२५. पण काम अचानक सुरू झाल्यावर पहिल्यात व्होल्टेज १.३३८ वरून १.२५ कडे उतरते, दुसऱ्यात ते १.२५ च्याही खाली बुडी मारून परत वर येते. त्या बुडीत कोअरचा हिशेब चुकतो. सपाट लोडलाइनवर मीटरचा आकडा न हललेला पाहून ज्यांना समाधान वाटते, त्यांना बऱ्याचदा त्याच लोडसाठी मीटरवर २०-३० मिलीव्होल्ट जास्त द्यावे लागतात, आणि ते का लागतात हे मीटर त्यांना कधीच सांगत नाही. माझे मत स्पष्ट आहे: सर्वांत कडक, म्हणजे सर्वांत सपाट, लोडलाइन हे रोजच्या वापरासाठी वाईट सेटिंग आहे. मधल्या पातळीवर थांबावे.

पातळ्यांची नावे मात्र सापळा आहेत. असूसच्या बोर्डांवर आकडा जितका मोठा तितकी लोडलाइन कडक. एमएसआय आणि एएसरॉक यांच्याकडे नेमके उलटे, तिथे १ सर्वांत कडक. गिगाबाइटकडे आकड्यांऐवजी ‘हाय’, ‘टर्बो’, ‘एक्स्ट्रीम’ अशी विशेषणे. एका बोर्डावरून वाचलेली ‘लेव्हल ४’ दुसऱ्यावर डोळे मिटून भरू नये. बायोसमध्ये पातळीशेजारी आलेख काढलेला असतो तो पाहावा, आणि खात्रीसाठी स्वतः मोजावे: स्थिर लोड लावा, डाय सेन्सचे व्होल्टेज आणि प्रवाह लिहून घ्या, मग निम्म्या कोअरवर तेच काम लावून दोन्ही पुन्हा लिहा. व्होल्टेजमधल्या फरकाला प्रवाहातल्या फरकाने भागले की मिलीओहम हातात येतात. हे फिक्स्ड व्होल्टेजवर करावे, नाहीतर प्रोसेसरची मागणीच मध्ये बदलते आणि भागाकार फसतो.

इंटेलच्या बोर्डांवर याच्या जोडीला एसी लोडलाइन आणि डीसी लोडलाइन असे दोन आकडे असतात आणि त्यांच्याविषयी भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. ती व्हीआरएमची सेटिंगे नाहीत. प्रोसेसरला दिलेली माहिती आहे. एसी लोडलाइन प्रोसेसरला सांगते की वाटेत इतके व्होल्टेज गळणार आहे, तर मागणी तेवढी चढवून कर. हा आकडा गरजेपेक्षा मोठा असेल तर अ‍ॅडॅप्टिव्ह किंवा ऑटो मोडमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या मागणीप्रमाणे पुरवठा होत असताना, व्होल्टेज विनाकारण वर जाते. ‘ऑटो’वर ठेवलेला बोर्ड तापट का वागतो याचे उत्तर पुष्कळदा इथे सापडते. ऑफसेटला (मागणीत सरसकट मिळवायच्या किंवा वजा करायच्या आकड्याला) हात न लावता एसी लोडलाइन हळूहळू कमी करत जाणे हा व्होल्टेज उतरवण्याचा नीटस मार्ग आहे. फार कमी केली तर जड कामावर आधी कोसळते, हलक्या कामावर नंतर.

डीसी लोडलाइन पुरवठ्याला हातच लावत नाही. ती फक्त हिशेबात वापरली जाते: दाखवलेल्या व्हीआयडीतून प्रवाह गुणिले डीसी लोडलाइन एवढे वजा होते, आणि त्याच आकड्यावरून पॅकेज पॉवर, म्हणजे प्रोसेसरची एकूण शक्ती, काढली जाते. खरा उतार ०.५ मिलीओहमचा आणि डीसी लोडलाइन १.१ ठेवलेली असेल, तर १६० अँपिअरला प्रोसेसर स्वतःचे व्होल्टेज ९६ मिलीव्होल्ट कमी समजतो आणि शक्ती सुमारे १५ वॅटने कमी मोजतो. उलट खरा उतार १.१ चा आणि डीसी लोडलाइन ०.०१ असेल तर तो जवळपास २८ वॅट जास्त मोजेल आणि पॉवर लिमिटला वेळेआधी धडकेल. जुळवायची पद्धत अशी: व्होल्टेज ऑटो किंवा अ‍ॅडॅप्टिव्ह, ऑफसेट शून्य, सगळ्या कोअरचा वेग एकच बांधलेला. दहा मिनिटे एकसारखा लोड. मग डाय सेन्सचा व्हीकोअर आणि व्हीआयडी शेजारी शेजारी ठेवून पाहा आणि दोघे काही मिलीव्होल्टच्या आत येईपर्यंत डीसी लोडलाइन बदला. एकदा हे जुळले की व्हीआयडीचा आकडाही थोडाफार विश्वासाचा होतो. एसव्हीआयडी बंद करून टाकणाऱ्यांनी मात्र पॅकेज पॉवरच्या रकान्याकडे पाहणेच सोडून द्यावे.

एएमडीकडे वळले की चित्र बदलते. रायझनमध्ये व्हीआरएमचा कंट्रोलर व्होल्टेज आणि प्रवाह दोन्हींची मोजणी प्रोसेसरला कळवतो. झेन ३ पिढीपर्यंत एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘एसव्हीआय२ टीएफएन’ असे लिहिलेल्या ओळी त्याच. सुपर आयओच्या ओळीपेक्षा याच वाचाव्यात. प्रवाहाच्या बाबतीत सावधगिरी हवी, कारण काही बोर्ड तो मुद्दाम कमी करून सांगतात. २०२० मध्ये ही गोष्ट उघडकीस आली आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘पॉवर रिपोर्टिंग डेव्हिएशन’ नावाची ओळ आली. ती पूर्ण लोडवर आणि मूळ सेटिंगांवरच पाहायची. ओव्हरक्लॉक केलेल्या स्थितीत ती दिशाभूल करते.

२०१९ मध्ये रायझन ३००० आले तेव्हा संगणक रिकामा असताना १.४५ ते १.५ व्होल्ट पाहून पुष्कळ लोक हादरले. एएमडीने त्यावर दिलेले स्पष्टीकरण आजही लागू आहे: मॉनिटरिंग प्रोग्राम कोअरना सारखे जागे करतो, जागी झालेली कोअर पूर्ण बूस्टवर उडी मारते, आणि प्रोग्रामला नेमका तो क्षण दिसतो. त्या १.४५ व्होल्टवर एक-दोन कोअर हलके काम करत असतात, प्रवाह थोडा असतो. सगळ्या कोअरवर जड काम लावले की तोच प्रोसेसर स्वतःहून कितीतरी खाली उतरतो. ‘कंपनीच १.४५ देते’ असा निष्कर्ष काढून सगळ्या कोअरसाठी १.४५ फिक्स्ड भरणे हा चिप झिजवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. आकडा तोच, अँपिअर कैक पट.

रायझनवर व्होल्टेज कमी करतानाही रीडिंग फसवते. व्होल्टेज अपुरे पडले की प्रोसेसर क्लॉकचे ठोके लांबवतो. कोसळत नाही, त्रुटी येत नाही, ‘कोअर क्लॉक’ च्या ओळीत वेगही तोच दिसतो. फक्त बेंचमार्कचा गुण खाली येतो. एचडब्ल्यूइन्फोची ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ ओळ पूर्ण लोडवर पाहावी. दाखवलेल्या वेगापेक्षा ती शंभर-दीडशे मेगाहर्ट्झने मागे असेल तर कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (वेगानुसारच्या व्होल्टेजची सारणी वरखाली सरकवणाऱ्या सेटिंगमध्ये) आपण जास्त खाली गेलो आहोत. एएमडीच्या म्हणण्यानुसार तिथला एक आकडा साधारण ३ ते ५ मिलीव्होल्टचा.

काही आकडे तर कोअरचे नसतातच. २०१३ च्या हॅसवेलमध्ये इंटेलने रेग्युलेटर प्रोसेसरच्या आत नेला, त्यामुळे बोर्ड १.८ व्होल्टच्या आसपास पुरवतो आणि कोअरचे व्होल्टेज आत तयार होते. जुन्या हॅसवेलवर १.८ पाहून कोणी घाबरू नये. २०१५ च्या स्कायलेक डेस्कटॉप प्रोसेसरांत रेग्युलेटर परत बोर्डावर आला. एएमडीकडे एसओसी व्होल्टेज, म्हणजे मेमरी कंट्रोलरसारख्या कोअरबाहेरच्या भागांचे, ही स्वतंत्र वाहिनी. २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाले, त्यानंतर एएमडीने बायोसमार्फत तिच्यावर १.३० व्होल्टची कमाल मर्यादा घातली. मेमरीचे एक्स्पो प्रोफाइल (तिचा चढा वेग एका झटक्यात लावणारी सेटिंग) लावल्यावर कोअरइतकेच लक्ष या ओळीकडे द्यावे, कारण प्रोफाइल लावताना बोर्ड ती गुपचूप चढवतो.

सॉफ्टवेअरवर भरवसा नसेल तर मल्टिमीटर आहे. काही बोर्डांवर मोजणीचे बिंदू दिलेले असतात. नसतील तर सॉकेटच्या मागच्या छोट्या कपॅसिटरच्या दोन टोकांवर मोजता येते. व्हीआरएमच्या इंडक्टरच्या बाहेरच्या बाजूला मोजले तर आकडा जास्त येणार, कारण बोर्डाचे तांबे अजून वाटेत आहे. मीटर डीसी व्होल्टच्या २ व्होल्टच्या रेंजवर ठेवा आणि काळी प्रोब त्याच कपॅसिटरच्या ग्राउंडच्या टोकाला लावा. लांबच्या स्क्रूला लावली तर ग्राउंडमधला फरकही आकड्यात मिसळतो. चालू बोर्डावर हातात दोन टोकदार प्रोब धरून तोल सांभाळणे धोक्याचे. प्रोब घसरून १२ व्होल्टची बाजू कोअरच्या वाहिनीला टेकली तर प्रोसेसर गेलाच. बोर्ड बंद असताना बारीक तारा डकवून घेणे बरे. साध्या मीटरची अचूकता ०.५ टक्का धरली तरी १.३ व्होल्टला ६-७ मिलीव्होल्टची चूक उरते, म्हणून सुपर आयओशी एवढा फरक आला तर दोघांपैकी कोणालाच दोष देता येत नाही. मीटर सेकंदाला दोन-तीनदाच सरासरी दाखवतो. उसळ्या आणि बुड्या पाहायला ऑसिलोस्कोपच लागतो.

प्रत्यक्ष काम करताना मग वाचायचे काय? स्थिर लोडवरचा, डायच्या जवळात जवळ मोजलेला आकडा, आणि त्यासोबत लोडचे नाव, प्रवाह, तापमान. लोडचे नाव महत्त्वाचे, कारण त्याच वेगाला प्राइम९५ या ताण-चाचणीच्या प्रोग्रामचे स्मॉल एफएफटी, एव्हीएक्स या जड गणिती सूचनांसह, जितका प्रवाह ओढते त्याच्या आसपासही एखादा गेम जात नाही. वेग १०० मेगाहर्ट्झने वाढवावा, व्होल्टेज १० ते २० मिलीव्होल्टने. आधी सिनेबेंच या चाचणी-प्रोग्रामची दहा मिनिटे, मग वाय-क्रंचर किंवा ओसीसीटीसारखी जड चाचणी. दर टप्प्याला विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया-लॉगरच्या (WHEA-Logger), म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी पाहाव्यात. १९ क्रमांकाची नोंद म्हणजे चूक झाली पण हार्डवेअरने सुधारली. स्क्रीन निळी न पडताही ही नोंद दिसली तर व्होल्टेज कमी पडते आहे असे समजावे. ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’ हा निळा पडदाही बहुधा कोअरचे व्होल्टेज अपुरे असल्याचाच.

कोसळते कधी, हेही पाहावे. तासभर जड काम झेलणारा संगणक ब्राउझर उघडताना बंद पडत असेल तर लोडवरचे व्होल्टेज वाढवून उपयोग नाही. ऋण ऑफसेटने खालच्या वेगांचे किंवा एक-दोन कोअरच्या वरच्या बूस्टचे व्होल्टेज कमी पडलेले असते, आणि ते क्षण मॉनिटरिंगच्या दोन सेकंदांच्या फटीत हरवतात.

‘सुरक्षित व्होल्टेज किती’ हा प्रश्न सगळेच विचारतात. इंटेलच्या माहितीपत्रकात स्कायलेकच्या काळी १.५२ व्होल्टची मर्यादा होती आणि कित्येकांनी ती परवानगी समजली. तो मागणीच्या कक्षेचा कमाल आकडा आहे, पूर्ण प्रवाहावर वर्षानुवर्षे चालण्याची हमी नाही. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाने वाढते: वेग तोच ठेवून १.२० चे १.३५ केले की उष्णतेत २७ टक्क्यांची भर, आणि उष्णता, प्रवाह व व्होल्टेज तिघे मिळून झीज करतात. हलक्या कामावरचे जादा व्होल्टेजही निरुपद्रवी नसते. १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या इंटेल प्रोसेसरांच्या अस्थिरतेवर २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या) आले. ऑगस्टमधल्या ०एक्स१२९ ने १.५५ व्होल्टच्या वरच्या मागण्यांना लगाम घातला आणि त्यानंतरच्या ०एक्स१२बी ने रिकाम्या व हलक्या कामाच्या वेळच्या चढ्या मागण्यांना. झिजलेली चिप मात्र मायक्रोकोडने पूर्ववत होत नाही. तिथे ‘कमाल व्हीआयडी’ चा रकाना, एरवी दुर्लक्ष करण्याजोगा, खरोखर महत्त्वाचा ठरला.

झीज ओळखायची तर जुनी नोंद हवी: अमुक वेग, अमुक लोड, अमुक तापमान, डायजवळ १.२३२ व्होल्टवर स्थिर. वर्षभराने तेवढ्याच कामाला १.२५६ लागू लागले तर चिप थोडी सरकली आहे. फक्त मध्ये बायोस अपडेट केला असेल तर घाई करू नये. नव्या बायोसमध्ये ‘ऑटो’ची एसी आणि डीसी लोडलाइन बदललेली असू शकते आणि बायोसमध्ये भरलेले आकडे जसेच्या तसे ठेवूनही लोडवरचे व्होल्टेज निराळे येते. आधी त्या दोन ओळी जुन्या नोंदीशी ताडाव्यात, मग चिपवर संशय घ्यावा.